मदरबोर्ड बदलल्यावर ग्रबचा मेनू गायब, लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो (डेबियन १२ + विंडोज ११)

मुशाफिर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला होता, तो वॉरंटीत बदलून मिळाला. एसएसडी जुनीच आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. घरी आणून चालू केला तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) रिकव्हरी की मागितली. ते ४८ आकडे कागदावर छापून ठेवले होते म्हणून निभावलं. विंडोज व्यवस्थित उघडलं, सगळ्या फायली जागेवर आहेत. पण ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरचा, मेनू काही येत नाही. बटण दाबलं की सरळ विंडोज.

माहिती अशी: यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) असलेलं मशीन, एकच ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क. विंडोज ११ आधीपासून होतं, डेबियन १२ (लिनक्स) नंतर टाकलं. सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू होतं आणि पुढेही चालूच ठेवायचं आहे. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन दिसतं, आकारही तोच आहे.

एका मित्राचं म्हणणं, डेबियन पुन्हा टाकून मोकळा हो. होम (माझ्या फायलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर नाही, त्यामुळे तसं करायची हिंमत होत नाही. खरंच दुसरा मार्ग नाही का?

तळटीप

बूट-रिपेअर वापरा. लाइव्ह (न टाकता पेनड्राईव्हवरून चालणाऱ्या) उबुंटूवरून बूट करा, पीपीए (पॅकेजेसचा बाहेरचा स्रोत) जोडून बूट-रिपेअर टाका आणि 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. मी अनेकांच्या मशिनी अशा चालू करून दिल्या आहेत. टर्मिनलला हात लावायची वेळ येत नाही.

शून्यएक

मुशाफिर, पुन्हा टाकू नका. तुमचं डेबियन जिथल्या तिथे आहे. पत्ता लिहिलेली वही हरवली आहे, घर जागेवर आहे.

तळटीप, बूट-रिपेअर चांगलं साधन आहे आणि त्याचा बूट-इन्फो अहवाल तर मला फार आवडतो. पण ते बटण दाबलं की पॅकेजेस, ग्रबची मांडणी, फर्मवेअरच्या नोंदी अशा बऱ्याच गोष्टी एका दमात बदलतात आणि नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. इथे तर डिस्कवर काहीच बिघडलेलं नाही असा माझा अंदाज आहे. म्हणून आधी नुसतं बघू, मग ठरवू.

यूईएफआय मशिनीवर बूटची साखळी अशी असते. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते, तिच्यात एनव्हीरॅम नावाचा कप्पा. त्यात 'बूट००००', 'बूट०००१' अशा नोंदी असतात आणि 'बूटऑर्डर' नावाचा एक क्रम. प्रत्येक नोंद सांगते की अमुक ओळखक्रमांकाच्या पार्टिशनवर जा आणि तिथली अमुक फाईल चालव. ते पार्टिशन म्हणजे ईएसपी, ईएफआय सिस्टिम पार्टिशन, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. विंडोजने बनवलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यात 'ईएफआय' फोल्डर, त्याच्या आत 'मायक्रोसॉफ्ट', 'डेबियन', 'बूट' अशी उपफोल्डरं. डेबियनच्या नोंदीवरून फर्मवेअर आधी 'शिम' (सिक्युअर बूटला पटणारा छोटा लोडर) चालवतं, शिम ग्रबला उठवतो, ग्रब आपली मांडणीची फाईल वाचून मेनू दाखवतो आणि शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा).

आता तुमचं काय झालं ते बघा. मदरबोर्ड बदलला म्हणजे ती चिप बदलली आणि डेबियनची नोंद जुन्या बोर्डाबरोबर गेली. ईएसपी डिस्कवर आहे, त्यामुळे ती शाबूत. मग विंडोज कसं सुरू झालं? नोंद नसली तर फर्मवेअर एका ठरलेल्या जागी बघतं: ईएफआय/बूट फोल्डरातली 'बूटएक्स६४.ईएफआय'. विंडोज टाकताना तिथे आपल्या लोडरची एक प्रत ठेवतं. शिवाय बरीच फर्मवेअरं विंडोजचा लोडर त्याच्या फोल्डरात नावानिशी शोधतात. डेबियन मात्र त्या सामायिक जागेवर आपणहून हक्क सांगत नाही, विचारून ठेवतं. म्हणून एक दिसतं आणि दुसरं दिसत नाही.

बिटलॉकरने की मागितली त्याचंही कारण हेच. त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-चिपमध्ये) होती.

एक काम पेनड्राईव्हशिवाय करून बघा. चालू करताना बूट मेनूची कळ दाबा (एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते) आणि तिथे किंवा फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये 'बूट फ्रॉम फाईल' किंवा 'अ‍ॅड बूट ऑप्शन' असं काही आहे का बघा. असेल तर डिस्क निवडून ईएफआय, मग डेबियन, मग 'शिमएक्स६४.ईएफआय' निवडा. मेनू आला तर माझा अंदाज बरोबर, आणि अर्धं काम तिथेच झालं.

काजवा

शून्यएक यांच्याशी सहमत. एक भर घालते.

नव्या बोर्डावर फर्मवेअरची सेटिंग कारखान्यातून आलेली असतात, तुमची जुनी नसतात. दोन गोष्टी मुद्दाम तपासा. पहिली, स्टोरेज मोड. काही बोर्डांवर तो साध्या एएचसीआयऐवजी इंटेल आरएसटी किंवा रेडवर (आरएआयडी) असतो आणि मग लाइव्ह लिनक्सला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) कर्नल स्पष्ट सांगतो की 'रीमॅप केलेलं एनव्हीएमई उपकरण सापडलं, बायोसमध्ये रेडवरून एएचसीआय करा'. अशा वेळी डिस्क मेली समजून घाबरायचं नाही. पण सरळ एएचसीआयसुद्धा करायचं नाही! आधी विंडोजमध्ये बीसीडीएडिटने (बूटची मांडणी बदलणाऱ्या कमांडने) सेफ मोड लावायचा, रीस्टार्ट करून मोड बदलायचा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग सेफ मोड काढायचा. नाहीतर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाईस'ची निळी पाटी येते आणि एका दुखण्याची दोन होतात.

दुसरी, सिक्युअर बूटच्या पानावर 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए'ला परवानगी आहे का. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या शिमवर मायक्रोसॉफ्टच्या त्या वेगळ्या सर्टिफिकेटची सही असते. काही नव्या लॅपटॉपवर ते मुळात बंद असतं. मग विंडोज चालतं आणि शिम नाकारला जातो. हा पर्याय चालू केला की सिक्युअर बूट बंद न करता काम होतं.

मुशाफिर

दोघांचेही आभार. काजवाताई, थर्ड पार्टीवालं खरंच बंद होतं, चालू केलं. स्टोरेज आधीच एएचसीआयवर आहे. माझ्या फर्मवेअरमध्ये फाईल निवडायची सोय कुठेच दिसली नाही, फक्त 'विंडोज बूट मॅनेजर' आणि यूएसबी. डेबियनचा लाइव्ह पेनड्राईव्ह तयार आहे. पुढे?

शून्यएक

लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्येच सुरू झाली पाहिजे. बूट मेनूत पेनड्राईव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. आत गेल्यावर खात्री करा: /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर असेल तर बरोबर मोड. नसेल तर पुढे जाऊच नका, कारण लेगसी मोडमधून एनव्हीरॅमला हात पोचत नाही आणि ग्रब-इन्स्टॉल भलत्याच प्रकारचा ग्रब टाकू बघतं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनमध्येच द्यायच्या.)

मग 'एलएसबीएलके' ला 'एफ' पर्याय लावून सगळी पार्टिशनं बघा. फॅट३२ आणि छोटं ते ईएसपी, एक्सटी४ ते तुमचं डेबियन. ईएसपी नुसतं वाचण्यापुरतं माउंट करा (म्हणजे जोडून उघडा) आणि आत काय आहे ते इथे लिहा. सोबत 'ईएफआयबूटएमजीआर' (एनव्हीरॅममधल्या बूट-नोंदी दाखवणारी कमांड) नुसतंच चालवून त्याचं उत्तरही द्या. लाइव्हवर ते नसेल तर एपीटीने (डेबियनच्या पॅकेज-साधनाने) टाका, लाइव्हमध्ये टाकलेलं रीस्टार्टनंतर उरत नाही.

मुशाफिर

यूईएफआय मोड आहे. ईएफआयबूटएमजीआर म्हणतं:

बूटकरंट: ०००१
टाइमआउट: ० सेकंद
बूटऑर्डर: ००००, ०००१
बूट००००: विंडोज बूट मॅनेजर
बूट०००१: यूईएफआय यूएसबी

ईएसपी म्हणजे पहिलं पार्टिशन. त्यात ईएफआयच्या आत तीन फोल्डर: मायक्रोसॉफ्ट, बूट, डेबियन. डेबियनमध्ये शिमएक्स६४, ग्रबएक्स६४, एमएमएक्स६४, एफबीएक्स६४, एक सीएसव्ही फाईल आणि ग्रब.सीएफजी. बूटमध्ये फक्त बूटएक्स६४.

शून्यएक

वा, सगळं जागच्या जागी आहे. मला हवं होतं ते चित्र हेच.

डेबियनच्या फोल्डरातली ग्रब.सीएफजी उघडून बघा, तीन-चार ओळींची असते. पहिल्या ओळीत एक लांबलचक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) दिसेल. तो तुमच्या एक्सटी४ पार्टिशनच्या यूयूआयडीशी जुळतो का तेवढं ताडून पाहा. ही छोटी फाईल फक्त एवढंच सांगते की खरी मांडणी कुठल्या पार्टिशनवर आहे. जुळत असेल तर ग्रब परत टाकायचीही गरज नाही, एनव्हीरॅममध्ये एक नोंद केली की झालं.

नोंद करण्यासाठी त्याच ईएफआयबूटएमजीआरला 'क्रिएट' पर्याय द्यायचा, सोबत चार गोष्टी: डिस्क (पार्टिशन नव्हे, अख्खी डिस्क), ईएसपीचा पार्टिशन क्रमांक म्हणजे तुमच्याकडे १, मेनूत दिसायचं नाव, आणि शिमच्या फाईलचा मार्ग. मार्गात उलट्या तिरक्या रेघा येतात, म्हणून तो एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्या गिळून टाकतो. आणि शिमच द्या, ग्रबएक्स६४ देऊ नका. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअरला शिमची सही पटते, ग्रबची सही तपासायचं काम पुढे शिमचं आहे.

नवी नोंद क्रमात आपोआप पहिली येते.

बिटलॉकरबद्दल: हे करण्याआधी विंडोजमधून त्याचं संरक्षण तात्पुरतं 'सस्पेंड' करून घ्या आणि सगळं मार्गी लागल्यावर 'रिझ्यूम' करा. म्हणजे नव्या टीपीएमशी जुळणी होईल आणि दर वेळी की मागणार नाही.

तळटीप

हे पटलं. एक विचारतो. एफबीएक्स६४ आणि ती सीएसव्ही फाईल कशासाठी असते? ती मी नेहमी बघतो आणि पुढे जातो.

शून्यएक

तळटीप, फार चांगला प्रश्न विचारलात. शिमबरोबर येणाऱ्या या दोन फायली नेमक्या अशाच प्रसंगासाठी आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

समजा ईएफआय/बूटमधली बूटएक्स६४ ही फाईल विंडोजची नसून शिमची प्रत आहे, आणि शेजारी एफबीएक्स६४ ठेवलेली आहे. एनव्हीरॅम कोरा झाला तर फर्मवेअर त्या सामायिक जागेवर येतं, शिम उठतो, त्याला शेजारी एफबीएक्स६४ दिसते आणि तो तिला चालवतो. ती ईएसपीवरचं एकेक फोल्डर बघते, जिथे सीएसव्ही फाईल सापडेल तिच्यातलं नाव आणि फाईल वाचते आणि एनव्हीरॅममध्ये नोंद पुन्हा लिहिते. म्हणजे मशीन स्वतःच स्वतःची नोंद दुरुस्त करून घेतं.

मुशाफिर यांच्या ईएसपीवर ती फाईल डेबियनच्या फोल्डरात आहे, बूट फोल्डरात नाही, म्हणून हे घडलं नाही. डेबियनमध्ये ते हवं असेल तर 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४' पॅकेजवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर (पॅकेजच्या मांडणीचे प्रश्न पुन्हा विचारणारी कमांड) चालवा. 'काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावरही ग्रब ठेवायचा का' असा प्रश्न येतो, त्याला हो म्हणा. त्याआधी विंडोजची बूटएक्स६४ दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा. विंडोजचा खरा लोडर मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात असतो, त्याला धक्का लागत नाही.

काही फर्मवेअरं बूटऑर्डर धाब्यावर बसवून दर वेळी विंडोजची नोंद पुढे करतात. नाव काहीही दिलं, क्रम कितीही बदलला तरी तेच. त्यांच्यावरही कधी कधी याच मार्गाने तोडगा निघतो.

वाचनमात्र

धागा हायजॅक करत नाही, पण विषय तोच म्हणून विचारते. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, यूईएफआय नाही, साधा बायोस. विंडोजमधून एक रिकामं पार्टिशन काढलं आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच. आता विंडोजही येत नाही. वरचं काहीच मला लागू होत नाही ना?

शून्यएक

वाचनमात्र, हायजॅक कसलं, हीही त्याच कुळातली तक्रार आहे. फक्त तुमच्याकडे साखळी वेगळी आहे.

बायोसवर नोंदी वगैरे नसतात. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट कोडसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ खुणेसाठी. ४४६ बाइटमध्ये ग्रब मावत नाही, म्हणून तिथे फक्त एक चिमुकला तुकडा असतो आणि तो पुढचा मोठा तुकडा उचलतो. हा मोठा तुकडा, कोअर इमेज, पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी जी मोकळी जागा असते तिथे बसतो. बाकीची मॉड्यूलं (ग्रबचे सुटे भाग) कुठल्या पार्टिशनवर आहेत ते त्याच्यात कोरलेलं असतं.

इथेच गोम आहे. एमबीआर (म्हणजे या पहिल्या सेक्टरच्या) तक्त्यात लॉजिकल पार्टिशनं ५ पासून मोजतात आणि मधलं एक काढलं की पुढच्यांचे आकडे एकाने खाली सरकतात. तुमचं लिनक्स ६ वर असेल आणि ५ काढलं, तर लिनक्स आता ५ झालं. कोअर इमेजला मात्र ६ च माहीत आहे. ६ सापडत नाही, म्हणून 'नो सच पार्टिशन'. आणि विंडोजचा मेनूही ग्रबच दाखवत होता, म्हणून तेही अडलं.

रेस्क्यूमध्ये मोजक्याच कमांड चालतात, पण तुम्हाला तेवढ्या पुरतात. 'एलएस' द्या. (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस१), (एचडी०,एमएसडॉस५) अशी यादी येईल. मग एकेकाच्या पुढे /बूट/ग्रब लावून पुन्हा एलएस द्या. जिथे 'अननोन फाईलसिस्टिम' येईल ते सोडा, जिथे फायलींची यादी येईल ते तुमचं. समजा ते एमएसडॉस५ निघालं. मग 'सेट प्रीफिक्स' ला (एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब द्या, 'सेट रूट' ला (एचडी०,एमएसडॉस५) द्या, नंतर 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटी नुसतं 'नॉर्मल'. नेहमीचा मेनू समोर येईल. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर मार्गातलं /बूट गाळा.

हे फक्त या वेळेपुरतं आहे, कोरलेला आकडा अजून जुनाच आहे. म्हणून लिनक्समध्ये गेल्या गेल्या ग्रब-इन्स्टॉल चालवा आणि त्याला /डेव्ह/एसडीए द्या, एसडीए५ देऊ नका. मग अपडेट-ग्रब. त्याआधी रीस्टार्ट करू नका.

वाचनमात्र

आलं! मेनू आला, लिनक्स उघडलं, ग्रब-इन्स्टॉल 'नो एरर रिपोर्टेड' म्हणालं. दुसऱ्या एलएसलाच सापडलं. मनापासून धन्यवाद. एक शंका उरली: कधी 'ग्रब रेस्क्यू' असं येतं आणि कधी नुसतं 'ग्रब'. दोन्ही सारखंच का?

काजवा

नाही, आणि हा फरक बघण्याची सवय असावी. 'रेस्क्यू' आलं म्हणजे ग्रबला स्वतःची मॉड्यूलंच सापडली नाहीत. नुसतं 'ग्रब' आलं म्हणजे मॉड्यूलं सापडली, मेनूची फाईल सापडली नाही. दुसऱ्या प्रसंगात 'कॉन्फिगफाईल' कमांडला ग्रब.सीएफजीचा पूर्ण मार्ग दिला की मेनू येतो, आणि टॅबची कळ दाबून नावं पूर्णही करता येतात. यूईएफआयवर एसएसडी बदलताना फायली कॉपी करून नव्या पार्टिशनवर आणल्या की बहुधा हे होतं, कारण ईएसपीतल्या छोट्या फाईलमध्ये जुनाच यूयूआयडी उरतो. अशा वेळी एफएसटॅबही (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) तपासा, नाहीतर ग्रब सुधारेल आणि पुढे सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन बसवेल.

आणि हा धागा वाचणाऱ्या फेडोरावाल्यांसाठी ठळक सूचना: यूईएफआय मशिनीवर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका. ते सही नसलेला ग्रब तयार करतं आणि सिक्युअर बूट त्याला दारातच अडवतं. फेडोरात डीएनएफने (तिथल्या पॅकेज-साधनाने) शिम, ग्रब२-ईएफआय आणि ग्रब२-कॉमन ही पॅकेजेस 'रीइन्स्टॉल' करायची, सही असलेल्या फायली ईएसपीवर परत येतात. इंटरनेटवरचे बरेच लेख डेबियन-उबुंटू धरून लिहिलेले असतात आणि लोक ते डोळे झाकून फेडोरावर लावतात. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण त्यातून चांगली चालती मशीनं बंद पडतात.

मुशाफिर

मंडळी, यूयूआयडी जुळला, नोंद केली आणि ग्रबचा तो ओळखीचा निळा मेनू परत आला! डेबियन उघडलं, सगळं जसंच्या तसं आहे. काय बरं वाटलं सांगू.

दोन गोष्टी राहिल्या. एक, पडदा मोठ्या अक्षरांत, कमी रिझोल्यूशनला आलाय. एनव्हिडियाचं मॉड्यूल लावायला गेलो तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणतं. ड्रायव्हर काढून परत टाकू का? दोन, मेनूत विंडोज दिसत नाही. जुन्या बोर्डावरही मी बूट मेनूच्या कळीनेच विंडोज उघडायचो, पण आता ग्रबमध्येच हवं आहे.

शून्यएक

अभिनंदन! ड्रायव्हर काढू नका, तो ठणठणीत आहे. मशिनीवरच बांधलेल्या मॉड्यूलांवर डीकेएमएस (कर्नलसाठी मॉड्यूलं बांधणारं साधन) तुमच्या स्वतःच्या किल्लीने सही करतं आणि ती किल्ली शिमला ओळखीची करून द्यावी लागते. तिला मॉक म्हणतात, मशीन ओनर की. शिमकडची ही यादीसुद्धा एनव्हीरॅममध्येच असते. बोर्डाबरोबर तीही गेली.

किल्ली स्वतः तुमच्या डिस्कवर आहे, /व्हार/लिब/डीकेएमएस मध्ये 'मॉक.पब' नावाने. मॉकयूटिलला (मॉक हाताळणाऱ्या कमांडला) 'इम्पोर्ट' पर्यायासह ती फाईल द्या. एक तात्पुरता पासवर्ड विचारेल. तो फक्त आकड्यांचा ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं इकडची तिकडे होतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येईल: 'शिम यूईएफआय की मॅनेजमेंट', आणि खाली १० सेकंद उलटे मोजले जातील. त्या वेळात कोणतीही कळ दाबलीच पाहिजे. नाही दाबली तर बूट पुढे निघून जातं आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. कळ दाबल्यावर 'एनरोल मॉक', मग 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, आणि 'रीबूट'.

विंडोजबद्दल: ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिमी शोधणारं ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलं आहे. सुरक्षेसाठी घेतलेला निर्णय आहे, दुसरी पार्टिशनं रूटच्या अधिकारात माउंट करून चाचपणं त्यांना धोक्याचं वाटलं. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाईलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या ओळीची किंमत 'फॉल्स' करा, ओळीपुढची हॅशची खूण काढा आणि अपडेट-ग्रब चालवा. उत्तरात 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' दिसलं पाहिजे. ओएस-प्रोबर हे पॅकेज नसेल तर आधी टाका.

मात्र ग्रबमधून विंडोज उघडलं की बिटलॉकर काही मशिनींवर की मागतो. सिक्युअर बूटच्या मोजणीत शिमची भर पडते आणि ती टीपीएममधल्या नोंदीशी जुळत नाही. तसं झालं तर विंडोज फर्मवेअरच्या मेनूतूनच उघडणं उत्तम. मी स्वतः बिटलॉकर असलेल्या मशिनीवर कायम तसंच करतो.

तळटीप

'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश येऊन मशीन बंद पडल्याचं २०२४ च्या ऑगस्टमध्ये बरंच गाजलं होतं. तोही असाच नोंद हरवण्याचा प्रकार का?

शून्यएक

नाही, तिथे नोंद शाबूत होती. एसबॅट म्हणजे जुन्या, भोकं असलेल्या शिम आणि ग्रबना पिढीच्या आकड्यावरून नाकारायची सोय. २०२० मध्ये बूटहोल नावाची ग्रबमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा एकेका फाईलचा हॅश (ओळखीचा ठसा) काळ्या यादीत टाकताना फर्मवेअरमधली जागा पुरेना, त्यातून ही कल्पना आली. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विंडोज अपडेटने हा आकडा पुढे नेला. दुहेरी बूट असलेल्या मशिनींना तो लागू होणार नव्हता, पण मायक्रोसॉफ्टनेच नंतर मान्य केल्याप्रमाणे काही प्रकारची मांडणी त्यांच्या तपासणीला ओळखू आली नाही. जुना शिम असलेली लिनक्स मशीनं अडली.

तेव्हाचा उपाय असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जायचं, मॉकयूटिलने एसबॅट धोरण 'डिलीट'वर ठेवायचं, रीस्टार्ट करायचं, शिम आणि ग्रबची पॅकेजेस अद्ययावत करायची आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. यात ग्रब-इन्स्टॉल कितीही वेळा चालवलं असतं तरी फरक पडला नसता, शिमच जुना होता. पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचा, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच. एसबॅटचं नाव, 'नो सच पार्टिशन', नुसतं 'ग्रब', आणि काहीही न बोलता विंडोज उघडणं, ही चार वेगवेगळ्या कड्यांची दुखणी आहेत.

काजवा

अगदी. आणि लाइव्हवरून चरूट करून (डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरून) दुरुस्ती करायची वेळ आलीच (म्हणजे डेबियनचं फोल्डरच ईएसपीवरून उडालं असेल तर), तर क्रम लिहून ठेवते, पुढे कोणाला लागेल: आधी रूट पार्टिशन माउंट, वेगळं असेल तर बूट, मग ईएसपी बूट/ईएफआय वर. त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चारही बाइंड करायची (चरूटच्या आतही दिसतील अशी जोडायची). सिसच्या आतलं ईएफआयव्हार्स वेगळं माउंट होतं, ते चरूटमध्ये दिसतंय का बघायचं, नाहीतर ग्रब टाकला जातो आणि एनव्हीरॅममधली नोंद मात्र होत नाही. फाईलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर माउंट करताना रूटचा सबव्हॉल्यूम द्यायला विसरायचं नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी क्रिप्टसेटअपने उघडायची. चरूटमध्ये ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब, बाहेर यायचं, सगळं अनमाउंट, रीस्टार्ट.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र बंदच असू द्या. ते चालू असलं की विंडोज 'बंद' केल्यावरही अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्या अवस्थेत त्याच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं.

मुशाफिर

मॉक झालं. त्या १० सेकंदांचं आधी सांगितलंत म्हणून तयारीत बसलो होतो. पडदा पूर्ण रिझोल्यूशनला आला. मेनूत विंडोजही दिसतं, पण ग्रबमधून उघडल्यावर शून्यएक म्हणाले तसंच झालं, बिटलॉकरने की मागितली. म्हणून विंडोज बूट मेनूच्या कळीनेच उघडतोय. तिथून काही न विचारता सुरू होतं. डीपीकेजी-रीकॉन्फिगरही केलं, आता ईएफआय/बूटमध्ये एफबीएक्स६४ दिसते.

ईएफआयबूटएमजीआरचं पूर्ण उत्तर आणि ईएसपीची सगळी फोल्डरं बॅकअपच्या ड्राईव्हवर कॉपी करून ठेवली आहेत, बिटलॉकरच्या कीच्या शेजारी.

धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं जोडायची संपादकांना विनंती करतो.